नाव झाकून तपासणी

सकाळी अकराला सुमो क्वार्टरच्या दारात उभी राहिली आणि पप्पांनी माझी बॅग उघडायला लावली. नायलॉनच्या दोरीने आवळलेली, वर माझं नाव आणि स्वीडनचा पत्ता ठळक अक्षरांत लिहिलेली बॅग. "चेन एका बाजूला ताणली जातेय. पुन्हा भर," म्हणाले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आई पदराने डोळे पुसत होती, शेजारच्या तीन बायका हातात फुलं घेऊन ताटकळल्या होत्या, आणि मी खडकीच्या त्या शहाबादी फरशीवर बसून लोणच्याची बरणी स्वेटरमधून काढून बुटात कोंबत होते. बॅग दुसऱ्यांदा बंद झाल्यावर त्यांनी चेनवरून बोट फिरवलं आणि ती उचलून गाडीत ठेवली. मुंबईपर्यंत सोडायला ते आले नाहीत. त्यांची दुपारची पाळी होती. "पोचल्याचा फोन आईला कर," एवढं म्हणून ते सायकल काढायला गेले.

मंदारने लिहायला सांगितलं आहे. आपल्या रविवारच्या मंडळाची पुस्तिका निघते आहे, जे गेले आणि जे राहिले त्या सगळ्यांनी आठवणी लिहायच्या आहेत. "जरा गोड लिही," असंही त्याने बजावलं. मंदार, गोड लिहिणारे तुझ्याकडे पुष्कळ आहेत. कोणी वाटून घेतलेल्या भेळेबद्दल लिहील, कोणी एकाच कॉम्प्युटरभोवती बसलेल्या सात डोक्यांबद्दल. मला जे सांगायचंय ते त्यांच्या शेजारी नीट दिसणार नाही, पण छाप.

आधी पप्पांबद्दल. ते दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. यंत्रावर तयार झालेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते त्याला माप लावायचे. बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पट्टा. भाग कोणी बनवला हे ते विचारत नसत. एकदा माझ्या सख्ख्या मामाचा अख्खा ट्रे त्यांनी नाकारला. मामा पुढची दोन वर्षं आमच्याकडे जेवला नाही. घरी आल्यावर हाच माणूस माझ्या वह्या तपासायचा. गणितात चौऱ्याण्णव मिळाले त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सहा कुठे गेले?" मी रडले तर आई म्हणाली, "अगं, त्यांचा स्वभावच आहे तो." मला त्यांचा राग यायचा. आजही थोडा येतो, आणि तो लपवून हे लिहिता येणार नाही.

मी इंजिनिअर झाले तेव्हा पुण्यात नव्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. जो तो नोकरी मिळवून देणारी कॉम्प्युटरची भाषा शिकत होता. मी पडले भलत्याच भाषेच्या प्रेमात. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून घडवलेली, कोणाच्याही मालकीची नसलेली भाषा. तिच्यात एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत बदलता येत नाही, वेगळी हवी तर नवी बनवायची आणि जुनी तशीच ठेवायची. मला ही शिस्त का आवडली हे कोणीही ओळखेल.

नारायण पेठेत एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या खोलीत त्या भाषेचं मंडळ भरतं असं कळलं, म्हणून एका रविवारी बस धरून गेले. खोलीच्या मालकांनी फार अदबीने माझी चौकशी केली. आडनाव विचारलं. खडकीत कुठे राहता ते विचारलं. मग हसून म्हणाले, "आपली जिद्द कौतुकास्पद आहे. पण हे काम जरा वेगळ्या वकुबाचं आहे. आपल्याला ते झेपेल असं वाटत नाही." आवाज चढला नाही, 'आपण' सुटलं नाही. खोलीत पाचजण होते. मंदार, तू खिडकीतून खालचा रस्ता बघत होतास.

मी दर रविवारी जात राहिले. घरी काही सांगितलं नाही, पप्पांना तर नाहीच. पण माझं खरं काम सुरू झालं ते मेलिंग लिस्टवर, जिथे ही भाषा घडवणारे जगभरचे लोक ईमेलने बोलायचे. तिथे मी फक्त दोन आद्याक्षरं लिहायचे. आडनाव कोणी विचारलं नाही, खडकी कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. माझे पॅच, म्हणजे मी पाठवलेल्या दुरुस्त्या, कधी नाकारले गेले, कधी घेतले गेले, आणि दोन्ही वेळा कारण कोडमध्ये होतं. वर्षभरात मला थेट बदल करायची परवानगी मिळाली, आणि त्या ओळखीवर स्वीडनमधली नोकरी. टायपिंग क्लासच्या मालकांनी माझ्या निरोपाला पेढे वाटले. मी एक खाल्ला.

गोथेनबर्गला आल्यावर पहिले काही महिने मला कोणी रागावलं नाही याचीच भीती वाटायची. इथले लोक नकार देतात तोसुद्धा 'आणखी थोडं बघूया का' असा. पुण्यात एका शब्दात संपलं असतं ते इथे कॉफीवर तीन बैठका चालतं. हळूहळू मीही तसंच बोलायला शिकले. पुढे भाषेच्या कारभारात माझं वजन वाढलं तेव्हा मी एक नियम आणला आणि भांडून मंजूर करून घेतला. कोणीही काही पाठवलं की निर्णय होईपर्यंत त्याचं नाव झाकलेलं राहील. तपासणाऱ्याचं नाव मात्र उघड, त्याने आपल्या शब्दांची जबाबदारी घ्यावी म्हणून. आणि समजा, नाव झाकूनही माणूस ओळखू आला, तर तपासणाऱ्याने एक बटण दाबून बाजूला व्हायचं. कारण लिहायचीही गरज नाही. या नियमाबद्दल माझं खूप कौतुक झालं. व्याख्यानाला बोलावणी आली.

मधल्या काळात आई गेली. पप्पा निवृत्त होऊन विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहू लागले. शनिवारच्या फोनवर आम्ही गुडघा, पाणीकपात आणि इथली थंडी एवढंच बोलायचो. एकदा त्यांनी विचारलं, "तू नेमकं करतेस काय? लोक विचारतात, मला सांगता येत नाही." मी म्हटलं, "पप्पा, ते समजावणं अवघड आहे." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या भाषेच्या प्राथमिक पुस्तिकेचा मराठी अनुवाद तपासायला आला. मराठीला तपासणारे दोघेच, मंदार आणि मी. मंदारने पहिल्याच दिवशी बटण दाबून अंग काढून घेतलं होतं, म्हणून तो माझ्याकडे आला. मी पहिलं पान उघडलं. 'सदर फलनास दिलेला नग तपासून खात्री करावी.' कारखान्याची नोटीस वाचतच मी मोठी झाले होते. चौथ्या ओळीला माणूस ओळखू आला.

पप्पा हे कसे शिकले असतील, किती महिने लागले असतील, हे सगळं मनात आलं. बटण समोर होतं. मी ते दाबलं नाही.

का नाही दाबलं याची मी स्वतःला बरीच सभ्य कारणं दिली आहेत. खरं कारण असं, की माझ्या टेबलावर पहिल्यांदाच त्यांची वही आली होती. मला मजा येत होती.

पहिल्या फेरीत मी लिहिलं, 'भाषा सरकारी आहे. वाचक झोपेल.' बारा दिवसांनी अख्खी पुस्तिका साध्या मराठीत परत आली, खाली एक ओळ, 'दुरुस्ती केली आहे. कृपया पाहावे.' मग मी 'फलन' हा शब्द खोडला, 'फंक्शन' लिहायला सांगितलं. त्यांनी शंभरेक ठिकाणी बदललं. पुढच्या फेरीत मी विचारलं, 'मराठी अनुवादात फंक्शन कशाला?' त्यांनी पुन्हा शंभरेक ठिकाणी बदललं आणि वाद घातला नाही. एखादं काम स्वतःलाच पुन्हा हाक मारतं ते कसं, हे समजावायला त्यांनी पेट्यांचं उदाहरण घातलं होतं. पेटी उघडली की आत पेटी, तिच्या आत पेटी. रिकामी पेटी सापडली की थांबायचं. ती रिकामी पेटी ठेवायला विसरलात तर दिवसभर पेट्याच उघडत बसाल. इंग्रजी पुस्तिकेत पाच विद्वानांना हे इतकं सोपं करता आलं नव्हतं. मी शेरा मारला, 'मूळ मजकुरात पेट्या नाहीत. काढा.' त्यांनी काढल्या.

शनिवारी फोनवर ते गुडघ्याबद्दल बोलायचे. आवाजात एक दबलेला आनंद असायचा. त्यांना वाटत होतं की मला माहीत नाही. माझा नियम आहे, तेव्हा तो पाळला जातच असणार, अशी त्यांची खात्री होती. नाव न दाखवता लेकीकडून काम पास करून घ्यायचं आणि मग सांगायचं, हा त्यांचा बेत होता. मला तो दिसत होता आणि मी शांतपणे थंडीबद्दल सांगत होते.

सातव्या फेरीला खोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी दोनदा वाचलं आणि चूक सापडेना म्हणून चिडले. मग बोटांनी आपोआप टाइप केलं, 'आपली जिद्द कौतुकास्पद आहे. पण हे काम वेगळ्या वकुबाचं आहे. आपल्याला ते झेपेल असं वाटत नाही.' कोणाचे शब्द आहेत हे पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं. पुसता येत नव्हते. आमच्याकडे काहीच पुसलं जात नाही. सगळ्या जगाला ते आजही वाचता येतात.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'निर्णय मान्य. काम मागे घेत आहे. वेळ दिल्याबद्दल आभारी आहे.' मी घाईघाईने स्वीकृती नोंदवायला गेले. मागे घेतलेलं काम फक्त पाठवणाऱ्यालाच परत उघडता येतं. हाही आमचाच नियम.

मग तुमचा मेल आला, मंडळी. दोन वर्षं दर रविवारी ते नारायण पेठेत येत होते, तुम्ही त्यांना शिकवलंत, आणि मला न सांगण्याची त्यांनी तुम्हाला शपथ घातली होती. सातव्या शेऱ्यानंतर ते यायचे थांबले. मंदारने लिहिलं, 'तुझा दोष नाही, तुला कळणार तरी कसं. नियमाने घात केला.' मी त्या मेलला 'हो ना' असं उत्तर दिलं.

जानेवारीत मी पुण्याला गेले. पप्पांनी चहा केला. ज्यावर त्यांनी अनुवाद केला तो कॉम्प्युटर घरात नव्हता, विहारातल्या अभ्यासिकेला देऊन टाकला होता. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. सातही फेऱ्यांच्या छापील प्रती, सुतळीने बांधलेल्या, माझ्या प्रत्येक शेऱ्याखाली त्यांची दुरुस्ती.

"हे माझं होतं," ते म्हणाले. "तुला कळलं नव्हतं ना?"

खोटं बोलले तर त्यांचं काम वाईट ठरणार होतं. खरं बोलले तर मी. विचार करायला मला एक घोट चहाचाही वेळ लागला नाही.

"नाही, पप्पा. नाव झाकलेलं असतं."

त्यांचा चेहरा सैलावला. "मग बरोबर आहे. मला उगाच शंका आली होती. त्या शेवटच्या वाक्याने... साहेब लोक असं बोलायचे आमच्याशी. पण तुला माहीतच नव्हतं, तर मग कामच तेवढं चांगलं नसणार. या वयात किती जमणार?" मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं. "बापालासुद्धा सोडलं नाहीस. तपासणी अशीच पाहिजे."

मी त्या घरी आठ दिवस राहिले. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून हा किस्सा सांगितला. लेक किती काटेकोर आहे ते, आणि आपल्याला कसं झेपलं नाही ते. सगळे हसले. मीही हसले. परतीच्या दिवशी बॅग त्यांनी बंदच ठेवली. "तुझी तू भरलीस, ठीकच असणार," म्हणाले.

पप्पा, ही पुस्तिका मंदार तुम्हाला घरी आणून देईल आणि तुम्ही ती हातात पेन घेऊन वाचाल. फोनवर सांगायला चारदा तोंड उघडलं. विषय निघाला की तुम्ही माझीच बाजू घेता आणि मी थंडीबद्दल बोलायला लागते. अपमान चारचौघांत केला होता, तर हेही चारचौघांत होऊ दे. मला माहीत होतं. चौथ्या ओळीपासून. तुमचं काम तिसऱ्या फेरीलाच घ्यायला हवं होतं. पेट्यांच्या उदाहरणासकट. मराठी पुस्तिकेची जागा आजही रिकामी आहे, कारण तेवढं चांगलं नंतर कोणी पाठवलं नाही.

इथे भेटणारी आपली माणसं घराबद्दल बोलतात तेव्हा कोणाला वरणभात आठवतो, कोणाला गल्ली. क्वार्टर केव्हाच दुसऱ्याला मिळालं, आई नाही, आणि पुण्यातले अर्धे रस्ते मला आता विचारावे लागतात. माझ्यापुरतं घर म्हणजे विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा एक माणूस, ज्याची खात्री आहे की मी त्याच्याशी खोटं बोलत नाही. हे छापून आलं की तेही मला राहणार नाही.