खिडकीखालची जागा

"आधी बाहेर काढू, मग बघू की," असं म्हणून वहिनी पदर कमरेला खोचायच्या, आणि ज्याच्या घरात हे चाललं असेल तो आधी जिन्यात जागा किती आहे ते बघून यायचा. कारण बाहेर काढायचं म्हणजे सगळंच. टेबल, खुर्च्या, टीव्ही, कॅलेंडर, सगळं.

दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर ज्यांची नजर भिंतींवरून फिरत राहते, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वाटतं, जळमटं शोधताहेत. वहिनींना जळमटांचं काही नव्हतं. या घरातलं माणूस बसतं कुठं, वाचतं कुठं, रुसलं तर जाऊन बसायला त्याला कोपरा आहे का, हे त्या बघत असत.

सोलापुरातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. घरी तेलुगू, बाहेर मराठी. यजमानांचा टॉवेलचा कारखाना होता. वहिनींनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर घरं मांडण्याचा नाद लावून घेतला. पहिला प्रयोग अर्थातच स्वतःच्या घरावर. कुठल्याशा मासिकातलं चित्र बघून त्यांनी स्वयंपाकघर गडद निळं रंगवलं. "चित्रात लई झ्याक दिसत होतं हो सर. पण हितं दुपारच्या उन्हाला आपण खिडक्या लावून घेतो की. मग काय, भर दुपारी दिवा लावून भाकऱ्या थापल्या." हे त्या प्रत्येकाला सांगायच्या, आणि सांगताना आधी स्वतःच हसायच्या.

त्या पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा माझी पत्नी जाऊन काही महिने झाले होते. हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावून ओळीनं मांडलेल्या होत्या. वहिनी एका खुर्चीच्या कडेवर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि गंभीरपणे म्हणाल्या, "नंबर आला की हाक मारा, सर."

मला कळायला थोडा वेळ लागला. आमचा हॉल दवाखाना झाला होता.

मग त्यांचं लक्ष सोफ्यावरच्या, दिवाणावरच्या, फ्रीजवरच्या चादरींकडे गेलं. सोलापुरात हे घरोघरी असतं. चादर आपल्या गावची, धूळही आपल्या गावची. "घराला ताप आलाय का? एवढं पांघरूण कशाला?" मागे उभे असलेले त्यांचे यजमान हळूच म्हणाले, "ही अशीच सांगत फिरली तर आमचे माग बंद पडतील, सर." बऱ्याच दिवसांनी मी त्या घरात हसलो.

त्यांनी आणखीही एक गोष्ट पाहिली, पण त्या दिवशी बोलल्या नाहीत. आजारपणाची दोन वर्षं पत्नीची खाट हॉलमध्ये, खिडकीखाली होती. ती गेल्यावर भाड्यानं आणलेली खाट परत गेली. जागा मात्र तशीच मोकळी राहिली होती. दारातून स्वयंपाकघराकडे सरळ जाता येत असूनही मी त्या जागेला वळसा घालून जात होतो. तिथं अजून कुणी निजलेलं असावं, आणि माझ्या पायाचा धक्का लागू नये, तसा.

मुलगा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं होतं की मी हे घर विकून त्याच्याकडे यावं. दिवाळीला येतो तेव्हा ठरवून टाकू, असं तो म्हणाला होता. मला जायचं नव्हतं आणि इथं राहवतही नव्हतं. वहिनींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "विका की. घर तुमचं हाय. पण त्याआधी मला एक दिवस द्या."

त्या दिवशी आमचा हॉल जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत आला. कपाट उचलताना यजमानांना त्या "आगंडी, आगंडी!" म्हणून ओरडत होत्या. त्याचा अर्थ 'थांबा', हे यजमानांचा घाम बघून मला भाषेशिवाय समजलं. वरून उतरणारे एक गृहस्थ वाट काढत म्हणाले, "काय सर, निघालात वाटतं?"

माझ्या आधी वहिनी बोलल्या. "निघालेत कसले? आज राहायला येताहेत."

मग त्यांनी मला रिकाम्या हॉलमध्ये चटईवर बसवलं. "आता तुम्हाला जे लागेल ते तुमीच जाऊन आणायचं. मी हात लावणार न्हाय." आणि त्या खरंच दारात बसून राहिल्या. मी खुर्ची आणली. थोड्या वेळानं दिवा आणला. मग पुस्तकांचं कपाट. त्याला मात्र यजमानांनी हात लावला. संध्याकाळपर्यंत काचेचं शोकेस, त्यातल्या बाहुल्या, दोन टीपॉय, भिंतीवरचा प्लास्टिकचा वेल यांची मला एकदाही आठवण झाली नाही. ग्रंथालयात उभी हयात गेलेल्या मला, न लागणाऱ्या वस्तू जागा अडवतात हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घर हीदेखील वाचण्याची गोष्ट आहे, हे कुणी दाखवलं नव्हतं.

खिडकीखालची जागा मात्र मी रिकामीच ठेवली. खुर्ची लांबच्या कोपऱ्यात. वहिनींनी विचारलं, "वाचता कुठं?" मी कोपरा दाखवला. "अंधारात?" एवढंच म्हणाल्या.

नंतर कित्येक आठवडे माझं शिक्षण चाललं. पडदा खिडकीच्या थोडा वर टांगायचा, म्हणजे खोली उंच वाटते. दिवा डोक्यावर नको, खांद्याशी हवा. एक भिंत तरी मोकळी सोडायची. मी एक चित्र मोठ्या हौसेनं टांगलं, तर म्हणाल्या, "जिराफ येणार हाय का बघायला?" मी ते खाली घेतलं. खिडकीखालच्या जागेबद्दल मात्र त्या चुकूनही बोलल्या नाहीत.

एका सकाळी बारीक टाइपाचं एक जुनं पुस्तक हाती आलं. कोपऱ्यात अक्षर लागेना. वैतागून मी खुर्ची ओढत ओढत खिडकीखाली नेली आणि बसलो. बसल्यावर लक्षात आलं, कुठं बसलो ते.

मान वर केली. उभं राहून बघितलं की त्या खिडकीतून समोरच्या कडुनिंबाशिवाय काही दिसत नाही. बसल्यावर, खाली झुकलेल्या फांदीखालून, पलीकडची गच्ची दिसत होती. गच्चीवर बांबू बांधलेले, आणि त्यांवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या. पिवळ्याधमक.

शेवटच्या महिन्यांत पत्नी खाटेवरून मधूनच म्हणायची, "आज पिवळं आहे." कधी म्हणायची, "आज हिरवं आलंय." आम्ही सगळे ते औषधांच्या गुंगीतलं बोलणं समजत होतो. मुलगा तर फोनवर ऐकून रडला होता.

वहिनींना सांगायला मी जिना चढून गेलो. त्या तशाच पीठभरल्या हातांनी खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि फांदीखालून बराच वेळ बघत राहिल्या. "म्हंजे ताई शुद्धीत होत्या की, सर," त्या म्हणाल्या. "करमत होतं त्यांना." मग हातानंच डोळे पुसले. गालाला पीठ लागलं ते मीही सांगितलं नाही.

दिवाळीला मुलगा आला. मी त्याला काही सांगितलं नाही. फक्त खिडकीखाली बस म्हणालो. चहा अर्धा झाल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, ते समोर रंगीत काय आहे?" मग मी सांगितलं. तो उरलेला चहा प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "घराच्या एजंटला नको म्हणून कळवलंय."

मी या घरात राहतो आहे तो असा.

वहिनी गेल्या उन्हाळ्यात गेल्या. आजार लांबलेला होता. शेवटी शेवटी यजमानांचा हात धरून एकदा जिना उतरून आल्या. आता ह्या माझ्या पडद्यांवर काहीतरी बोलणार म्हणून मी तयार होतो. त्या खुर्चीत बसल्या, भिंतीवरून सवयीनं नजर फिरवली, आणि तशाच झोपी गेल्या.

यजमान कुजबुजले, "वर झोपच लागत नाही तिला. जिकडं बघावं तिकडं काम दिसतं."

मी पंखा थोडा हळू केला. ते समोर बसले, मी चटईवर. पाणी हवं का, हेसुद्धा आम्ही खुणेनं विचारलं. ऊन फरशीवरून सरकत दारापाशी गेलं, तेव्हा वहिनींनी डोळे उघडले.

"अय्यो! लोकांच्या घरात झोपले की मी," त्या यजमानांना म्हणाल्या. "उठवायचं न्हाय का हो?"

आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा डोळे मिटले.