व्हॉल्व्हच्या भिंतीला टेकून

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी भिंतीला पाठ लावून भाकरी खाल्ली आणि मग बायकोनं माझी वही भरली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं रोजचं असं ते शेवटचं काम. जेवणात विशेष काही नव्हतं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा. तिनं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "सांगा, काय लिवू?"

माझं काम आधी सांगतो. आमच्या माळाखालून गॅसची मोठी पाईपलाईन गेलीय. तिच्यावरून रोज आठ किलोमीटर चालायचं. कुणी जेसीबी लावलाय का, बोअर मारतंय का, पिवळे खांब जाग्यावर आहेत का, कुठं गवत उगंच करपलंय का, एवढं बघायचं. आमच्या घरात सगळे मेंढरामागं चालत म्हातारे झाले, म्हणून ठेकेदारानं मला ठेवलं. पाय चालतात, हात लिहीत नाही. मी तिसरीत शाळा सोडली, ती सातवी शिकलेली. म्हणून वही तिच्याकडं. दोन शेळ्या घेऊन तीही माझ्यासंगं निघायची आणि दुपारी आम्ही व्हॉल्व्हच्या कंपाऊंडला टेकून बसायचो. अख्ख्या माळावर सावली तेवढीच. भिंतीपलीकडं पाईप जमिनीतून वर येतो आणि त्याच्यावर बैलगाडीच्या चाकाएवढा व्हॉल्व्ह.

मी म्हणालो, "लिव. सगळं ठीक."

"आवं, आत फुसफुसतंय. त्ये लिवू का?"

"त्ये कवापास्नं फुसफुसतंय. व्हॉल्व्ह हाय त्यो, श्वास टाकतोय."

"आता लय मोठा टाकायलाय. शेळ्याबी भिताडाजवळ येईनात."

"शेळ्यांनी नोकरी लावलीय का मला? लिव गप."

"लिवते. पण खोटं माझ्या अक्षरात चाललंय, तुमच्या न्हाई."

आणि हसून लिहिलं. सगळं ठीक.

मी नको म्हणालो ते भिऊन. आवाज लिहिला की साहेब येणार, इतके दिवस का लिहिलं नाही म्हणून विचारणार, म्हातारा बहिरा झाला म्हणून घरी बसवणार. घरी बसून मी काय करणार होतो?

दिवस मावळायच्या आत, चुलीपुढं बसल्या बसल्या तिच्या पाठीत कळ निघाली. अंग घामानं भिजलं. शेजाऱ्याच्या जीपमधून मिरजेला नेलं. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी ती गेली. डॉक्टर माझ्याशी बोलले, पण माझ्या डोक्यात एक शब्द शिरला नाही. हातात एक कागद दिला, सगळा इंग्रजीत.

दहाव्याला माणसं जमली होती. तिचा धाकटा भाऊ तासगावचा. माझ्यापुढं उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, तुमच्या नोकरीनं खाल्ली आमची अक्का. तीन वर्सं त्या ग्यासच्या भिताडाला बसवून जेवू घातलंत तिला."

कुणीतरी त्याला गप केलं.   अस्थी सावडल्यापासून माझ्याही डोक्यात तेच फिरत होतं. गावात शेगडीला येतो त्या गॅसला वास घातलेला असतो. आमच्या मोठ्या लाईनीतल्याला वासच नसतो. ती रोज किती गॅस ओढत होती हे मला कळणार कसं? शेळ्यांना कळलं होतं. मी त्यांना काठी मारून भिंतीजवळ बांधलं होतं.

तो कागद मी पिशवीत घालून धान्याच्या कणगीमागं ठेवला. गावात इंग्रजी वाचणारी पोरं खंडीभर आहेत. एकालाही दाखवला नाही. त्यात गॅस लिहिलेलं निघालं असतं तर?

सुतक फिटल्यावर कामावर गेलो. वही नेली, पण पान कोरंच; लिहिणारी नव्हती. व्हॉल्व्हपाशी कंपनीची जीप उभी होती, बाजूला ठेकेदार, आणि एक मॅडम हातात कॅमेऱ्यासारखं यंत्र घेऊन आतल्या पाईपावर रोखून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आजोबा, या. बघा यात."

यंत्राच्या काचेत व्हॉल्व्हच्या जोडातून काळा धूर निघत होता. चुलीतून निघावा तसा, गोल गोल. मी मान वर करून बघितलं तर धूर नाही, काही नाही, नुसतं ऊन. परत काचेत बघितलं तर धूर.

"डोळ्याला दिसत नाही तो," मॅडम म्हणाल्या. "आधी आग लागत नाही ना, मग थोडं निसटू दे, असं चालायचं. आता प्रत्येक गळती शोधून बंद करतोय. हा न जळता वर गेला की जळून होणाऱ्या धुरापेक्षा कितीतरी जास्त उष्णता हवेत धरून ठेवतो. कधीपासून आवाज येतोय हा?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "बायको मरायच्या आधीपास्नं. ती म्हनली हुती लिवूया. मी न्हाई लिवू दिलं."

मॅडमनी यंत्र खाली केलं. "का?"

"नोकरी जाईल म्हणून."

"गेली असती का?"

"आता जाऊ दे. आता काय करायचीय?"

त्यांनी माझ्या हातातली वही मागून घेतली. मग म्हणाल्या, "नोकरी जाणार नाही. पण इथून पुढं 'सगळं ठीक' लिहिलं तर मी स्वतः काढेन तुम्हाला." वहीत त्यांनी पहिला रकाना आवाजाचा आखून दिला, मला नुसती खूण करता येईल असा. ठेकेदार माझ्याकडं खाऊ का गिळू बघत होता. बघू दे.

जोड बदलायचं काम त्याच आठवड्यात निघालं. मागं अशी कामं झालेली मला आठवत होती. दुरुस्तीआधी पाईपातला सगळा गॅस आकाशात सोडायचे. असा आवाज व्हायचा की माळावरचे होले, चिमण्या दोन दिवस फिरकत नसत. म्हणून मी शेळ्या लांब नेऊन बांधल्या आणि कानावर हात ठेवून बसलो. बराच वेळ झाला तरी काही नाही. उठून गेलो तर लॉरीवर एक मशीन घरघरत होतं.

"कवा सोडणार?" मी विचारलं.

"सोडणारच नाही," मॅडम म्हणाल्या. "या तुकड्यातला गॅस ओढून पुढच्या तुकड्यात ढकलतोय. तळाला राहील तेवढाच काय तो जाईल."

दुपारपर्यंत जुनं पॅकिंग काढून नवं बसलं. मॅडमनी यंत्र रोखलं. काचेत पाईप, व्हॉल्व्ह, मागं माळ. धूर नाही. मी भिंतीला कान लावला. काही नाही. एवढं शांत तिथं मी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यानं मला धीर आला. कागद त्या दिवशी मी बंडीच्या खिशात घालून आणला होता. मॅडमच्या हातात दिला आणि म्हणालो, "ह्यात ग्यास लिवलंय का, एवढंच सांगा. लिवलं असंल तर तसं सांगा."

त्यांनी दोनदा वाचला. "आजोबा, हृदयाची मोठी नस बंद झाली होती त्यांची. बरेच दिवस बंद होत आली असणार. गॅसचं यात काही नाही."

"पण तीन वर्सं इथं बसली."

"हा गॅस हवेपेक्षा हलका आहे, निघाला की वर जातो. मोकळ्या माळावर भिंतीबाहेर बसलेल्या माणसाला त्यानं असं होत नाही. बंद खोली असती तर गोष्ट वेगळी."

"आन शेळ्या?"

"शेळ्यांना आवाज नको असेल. आपल्यापेक्षा बारीक ऐकू येतं त्यांना."

मी तिथंच खाली बसलो. रडलो नाही. छातीवर कुणीतरी जात्याची तळी ठेवली होती ती उचलली असं वाटलं. मॅडमनी पाण्याची बाटली पुढं केली, मी सगळी संपवली. बायको गेली ती गेलीच. पण मी तिला मारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं तासगावला गेलो. मेव्हणा बेदाण्याच्या शेडवर होता, बायका जाळीवर द्राक्षं पसरत होत्या. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मी कागद त्याच्या हातात ठेवला.

"नस बंद झाली हुती. मॅडमनी वाचलाय. तुझा इस्वास नसंल तर तुझ्या माणसाकडनं वाचून घे."

त्यानं शेडवरच्या हिशोबनिसाला हाक मारली. त्यानंही तेच वाचलं.

"तरीबी बसवलंतच ना तिला त्या भिताडाला?"

"बसवली. सावली हुती म्हणून. आन दुसरं ऐक. आवाज येतोय, लिवा म्हनली हुती. मी तिला गप केलं. ती चूक माझी, ती मी कबूल करतो. पण ग्यासनं मारली, हे न्हाई कबूल करणार."

तो कागदाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "तुमी तिला गप केलं, आन ती बसली गप?"

"न्हाई. हसली, आन मलाच टोमणा मारला."

"मग अक्काच ती," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्याला पाणी आलं. "ल्हानपणी मेंढरं माझ्यावर सोडून सावलीला बसायची, दाजी. लांडगा आला तरी उठायची न्हाई."

"कवाची गोष्ट?" मी म्हणालो. हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

त्यानं क्रेट पालथं करून मला बसायला दिलं आणि सांगायला लागला. बायका द्राक्षं घेऊन खोळंबल्या. मी म्हणालो, पुढं सांग.