नोंदीत न लिहिलेलं वाक्य

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी जयपूरच्या एका रुग्णालयात पाठवलं, तेव्हा माझ्या वाट्याला पॅलिएटिव्ह विभाग आला. म्हणजे आजार बरा होणार नाही, पण त्रास कमी करायचा, असे पेशंट. रोज सकाळी मी वैशाली नगरच्या घरून बसने निघायचे. आई विचारायची, मतलब तू तिथे करतेस काय? ते मलाही ठाऊक नव्हतं.

मराठी येते म्हणून आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमनी मला एक काकू दिल्या. माझी मराठी इथेच वाढलेली, हिंदीची काठी टेकत चालणारी, पण वॉर्डात तेवढी तरी कोणाला येत होती? काकू कोल्हापूरच्या, नोकरीनिमित्त इथे असलेल्या मुलाकडे आलेल्या. मुलाने पहिल्याच दिवशी मला बाहेर गाठून बजावलं की आईला पोटात सूज आहे एवढंच सांगितलंय, त्यापुढे एक शब्द नको.

चौथ्या दिवशी काकूंनी विचारलं, धाकटी बहीण यायचं म्हणतेय, आत्ता बोलावू की दिवाळीत? दिवाळीला तीन महिने होते. अशा वेळी उत्तर द्यायचं नाही, तुम्हाला काय वाटतं असं विचारायचं, हे मला शिकवलेलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून माझा धीर सुटला. "दिवाळीतच बोलवा," मी म्हणाले, "तोवर तुम्ही घरी असाल." त्यांनी माझ्यासमोरच बहिणीला फोन करून तिकीट रद्द करायला लावलं.

आम्हाला प्रत्येक भेटीची नोंद लिहावी लागे, पेशंट काय बोलला, आपण काय बोललो, शब्दन् शब्द. काकूंचं मराठी बोलणं मीच हिंदीत उतरवणार, त्यामुळे पकडणारं कोणी नव्हतं. मी लिहिलं की पेशंटने बहिणीची आठवण काढली, मी ऐकून घेतलं. मॅडमनी शेजारी 'छान' असा शेरा दिला. चोराच्या मनात चांदणं, तसं मला ते 'छान' टोमण्यासारखं वाटत राहिलं.

सोमवारी काकूंना उठून बसवत नव्हतं. डॉक्टर मुलाला म्हणाले, आता काही दिवसच. मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मुलाला बोलावून समजावलं. तो बराच वेळ हो म्हणेना, मग म्हणाला, तुम्हीच सांगा. मॅडम म्हणाल्या, जिने दिवाळी सांगितली तीच सांगेल, मी सोबत असेन.

मी काकूंना म्हणाले की माझं चुकलं, बहिणीला आत्ताच बोलवा.

"मुलगा नुसती समजूत घालतो हे कळत होतं गं मला," त्या म्हणाल्या. "त्याचं मी कधी खरं धरलं नाही. तुझं धरलं."

बहीण बुधवारी आली. काकूंचा श्वास चालू होता, पण हाकेला ओ नव्हती. ती पिशवी हातात धरूनच खाटेपाशी उभी राहिली. मी मुलाशी मराठीत बोलतेय हे ऐकून माझ्याकडे वळली.

"मी मागच्याच आठवड्यात निघाले होते," ती म्हणाली. "ताईनंच दिवाळीत ये म्हटलं. का म्हटलं असेल तिनं?"

"मी सांगितलं म्हणून," मी म्हणाले.