खिडकीला बांधलेली कैची

झाडाला हात लावायच्या आधी काकू कैची हवेत दोनदा उघडमीट करायच्या, न्हाव्यासारखी. मग मागे वळून, कोणी उभं असो की नसो, म्हणायच्या, "घाबरू नका. फुटतं."

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या, त्यामुळे बोलणं ट्रंककॉलसारखं, कामापुरतं. खिडकीखाली कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जास्वंद, तगर, कण्हेर, नवऱ्याने लावलेली. तो गेल्यावर काकूंनी झाडांचे लाड कमी केले आणि शिस्त वाढवली. संक्रांत झाली की कैची निघायची आणि त्या गच्च झुडपांचे गुडघ्याएवढे खुंट व्हायचे. नवीन भाडेकरू कळवळायचे. आम्ही जुने हसायचो, कारण पावसाळ्यात त्याच खुंटांवर पान दिसणार नाही इतकी जास्वंद फुलायची.

दुसऱ्यांच्या झाडांचीही सुटका नव्हती. एकदा आमच्याकडे तिळगूळ द्यायला आलेल्या. मी चहा घेऊन बाहेर येते तर गॅलरीतल्या मोगऱ्याचे शेंडे उडवलेले आणि एकूण एक पान खुडलेलं. मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "पानं कशाला सांभाळतेस? फुलं हवीत ना?" त्या चैत्रात घरभर नुसता मोगरा. तेव्हापासून दरवर्षी त्या तिळगूळ घेऊन यायच्या आणि मी मुकाट्याने चहा टाकायला आत जायचे.

तुमच्याही सोसायटीत पहाटे पिशवी घेऊन दुसऱ्याची फुलं तोडणारे असतीलच. आमच्याकडे तर चेअरमनच सगळ्यात पुढे. काकू कधी भांडल्या नाहीत. लोक फांदी ओढतात, साल सोलवटते, एवढंच त्यांना सहन व्हायचं नाही. म्हणून त्यांनी एक जुनी कैची लांब सुतळीने खिडकीच्या ग्रिलला बांधून बाहेर सोडलेली. फुलं न्यायची तर न्या, पण कापून न्या. चोरांची एवढी सोय मी कुठे बघितली नाही, असं मी चिडवलं तर म्हणाल्या, चोर कसले, देवाला नेतात.

देवाला. बरं.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर नेहमीसारखी छाटणी उरकून त्या परगावी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. इथे लगेच सोसायटीची मीटिंग लागली. पार्किंगला जागा नाही, हे रडगाणं जुनंच. चेअरमन उठले आणि अगदी साळसूदपणे म्हणाले, "काकूंनी स्वतःच बाग काढून टाकलीय. नुसते खुंट उरलेत. मग जागा फुकट का घालवायची?"

मला वाटलं, आता सगळे हसतील. कोणी हसलं नाही. मी उठले. म्हटलं, त्या दरवर्षी छाटतात, तुम्ही दरवर्षी बघता, गणपतीत तुमच्याच देव्हाऱ्यात ती फुलं असतात. तर मलाच सांगतात, ताई, इमोशनल होऊ नका. आणि हात वर झाले. इतकी वर्षं त्या कैचीने फुलं कापून नेणारे हात, दुसरे कुणाचे नाहीत.

घरी येऊन तडक काकूंना फोन लावला. लेकीचं सिझेरियन, तिला उठवत नव्हतं, घरात दुसरं बाईमाणूस नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, त्यांना माहितीय ना फुटतं ते," म्हणाल्या. "आल्यावर बोलते मी." त्यांचा खरंच विश्वास होता हो या लोकांवर.

त्या परत आल्या तेव्हा खिडकीखाली पेव्हर ब्लॉक होते आणि त्यावर चेअरमनची गाडी. खुंट मुळासकट उपटलेले. काकू हातातली बॅग खाली न ठेवता तिथेच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, तक्रार करू या, मी येते बरोबर. "कसली तक्रार?" त्या म्हणाल्या. "कापलं मीच ना." मला त्यांचासुद्धा राग आला त्या दिवशी. घरी येऊन मी भांडी आपटली.

गणपतीच्या सकाळी चेअरमनची सून परडी घेऊन त्यांच्या खिडकीशी आली. सवयीने की निर्लज्जपणाने, देव जाणे. बाप्पाला लाल जास्वंद हवी होती, कुठे मिळते का, विचारायला लागली. काकूंनी ग्रिलमधून हात बाहेर काढला आणि लटकणारी कैची तिच्या हातात दिली.

"खाली आहेत. घ्या कापून."

आणि खिडकी लावून घेतली. ती बिचारी एका हातात परडी, एका हातात कैची घेऊन गाडीकडे बघत राहिली.

दिवाळीआधी काकू लेकीकडे गेल्या, त्या कायमच्याच. फ्लॅटला कुलूप. जाताना कुणाचा निरोप घेतला नाही, माझासुद्धा नाही. कैची तेवढी लटकत राहिलेली. मग एक दिवस चेअरमनने वॉचमनला ती सुतळी तोडायला सांगितली. वाऱ्याने कैची हलते आणि गाडीला चरे पडतात म्हणे. मी ती वॉचमनच्या हातातून घेतली आणि वर आणली.

यंदा संक्रांतीनंतर ती घेऊन मोगऱ्यापुढे उभी राहिले. हवेत दोनदा उघडमीट केली. पण हात पुढे जाईना. फुटतं, हे मलाही माहितीय. तेवढं माहीत तर आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच होतं.

मोगरा आता वाढून ग्रिलच्या बाहेर गेलाय, हिरवागार. चैत्र संपत आला, फूल एक नाही.