अंकुशबंदी आणि बाईसाहेब

मामांची आणि बाईसाहेबांची पहिली भेट झाली तेव्हा, मामांच्या म्हणण्याप्रमाणे, सूर्य थोडा वेळ झाकला गेला होता. बाईसाहेब म्हणजे सर्कशीतली हत्तीण आणि मामा म्हणजे तिचे माहूत. पण त्या दिवशी ते माहूत नव्हते, सर्कशीच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बाईसाहेबांनी म्हणे त्यांना कमरेत सोंड घालून उचललं, तंबूच्या टोकापर्यंत वर नेलं, डोळ्यांत डोळे घालून नीट ओळख करून घेतली आणि काचेची बरणी ठेवावी तसं अलगद खाली ठेवलं. ही उंची वर्षागणिक वाढत गेली. अलीकडे तर मामांना वरून शेजारच्या गावातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळात किती वाजले तेही दिसू लागलं होतं.

"ती शिंकली होती," मामी सांगत. "आणि हे दचकून हौदात पडले. मी तिथंच कांदे चिरत होते."

काही असो, हौदातून निघालेला माणूस हत्तिणीच्या मागे गेला तो कायमचा. पुढे त्यांचं मामींशी लग्न झालं खरं, पण आपल्याला सवतीवर दिलंय हे मामींच्या लवकरच लक्षात आलं.

मामांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता. माझी बाईसाहेब मायेवर चालते, मी नुसतं डोळ्यांनी सांगतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ऐकवत. अंकुश त्यांच्याकडे होता, सगळ्या माहुतांकडे असतो तसा. पण त्याचं टोक झिजून चमच्यासारखं गुळगुळीत झालं होतं आणि त्याचा मुख्य उपयोग मामांची स्वतःची पाठ खाजवायला होई. खेळाची वेळ झाली की मामा अंकुश बाईसाहेबांच्या कानावर अडकवत, कारण रिंगणात जाण्याआधी मिशीला पीळ द्यायला त्यांना दोन्ही हात मोकळे लागत. मग ते तिच्या डोळ्यांत बघून म्हणत, "चला." आणि बाईसाहेब चालू लागत. खेळ संपला की मामा अंकुश काढून घेत.

त्या वर्षी नगरपालिकेत गटारांचा प्रश्न काही केल्या सुटेना, म्हणून नगरसेवकांनी हत्तींचा हाती घेतला. गावात हत्ती एकच होता आणि त्याला मत नव्हतं, त्यामुळे काम सोपं होतं. ठराव असा: खेळातल्या हत्तीला अंकुश, काठी, साखळी किंवा तत्सम साधनानं हाताळू नये, हाताळल्यास हत्ती जप्त करून प्राण्यांच्या निवाऱ्यात पाठवावा.

सुनावणीला सर्कशीच्या शेठनी मामांना पाठवलं. "एकच वाक्य बोलायचं," शेठ म्हणाले. "अंकुशाशिवाय हत्ती चालत नाही. खाली बसायचं. परत यायचं."

मामा शेठचा कोट घालून गेले. ते वाक्य म्हणायला उभे राहिले तेवढ्यात एका नगरसेविकेनं विचारलं, "म्हणजे तुम्ही तिला मारता?"

"मारतो?" मामांना कोट एकदम घट्ट झाला. "अहो बाई, मी तिला 'अगं' म्हणून कधी हाक मारलेली नाही."

"मग अंकुश कशाला लागतो?"

"नाहीच लागत. तो आपला शोभेला. ती माझ्या डोळ्यांवर चालते."

सभागृह हेलावलं. ठराव एकमतानं पास झाला. टाळ्या वाजल्या, त्यात मामांच्याही होत्या.

"बाजू मांडायला गेला होतात," मामी घरी म्हणाल्या, "की स्वतःची टिमकी वाजवायला?"

अंकुश नगरपालिकेत जमा झाला. त्या संध्याकाळी मामांनी मिशीला पीळ दिला, बाईसाहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "चला."

बाईसाहेब गवत खात राहिल्या.

बँडवाल्यांनी बाईसाहेबांच्या प्रवेशाची धून वाजवली. पुन्हा वाजवली. मामांनी डोळे इतके रोखले की त्यांतून पाणी वाहू लागलं. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे प्रेमानं बघितलं आणि बसकण मारली.

"मामा," पडद्यामागून शेठ म्हणाले, "चष्मा लावून बघा."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गुरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की इतकी धडधाकट हत्तीण त्यांनी पाहिली नाही. मग ती रुसली असेल, असं मामांनी ठरवलं. त्यांनी तिची माफी मागितली. कशाबद्दल ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्याबद्दल मागितली. शेवटी शेठनी स्पष्टच सांगितलं, "रविवारपर्यंत उठली तर ठीक. नाहीतर मीच तिला निवाऱ्यात देऊन टाकतो."

"आणि मी?"

"तुम्हाला तिथं घेणार नाहीत. माहुतांना तिथं बंदी आहे."

मामांचं अन्नपाणी सुटलं. ते तिच्या तंबूतच पडून राहू लागले. शनिवारी मामी पदराखाली गाजरं लपवून सवतीकडे गेल्या.

"ऊठ गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्यावाचून यांचं काही खरं नाही. मला ते दिवसभर घरात नकोत."

बाईसाहेबांनी गाजरं तेवढी खाल्ली.

रविवारी ठराव पाळला जातो का ते बघायला नगरपालिकेचे निरीक्षक आले. आजवर त्यांनी दुकानांच्या पाट्यांची लांबी-रुंदी मोजली होती, तेव्हा हत्तिणीची जागाही मोजायची असं त्यांनी ठरवलं. टेप काढायला खांद्यावरची कापडी पिशवी कुठंतरी अडकवायला हवी होती. खांबाला एक खिळा होता, पण टोकदार वस्तू म्हणून तो त्यांनीच नुकता उपटायला लावला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवी हाताशी होतं त्यावर अडकवली. तो बाईसाहेबांचा कान होता.

बाईसाहेबांनी तोंडातला घास गिळला, उठल्या, निरीक्षकांना वळसा घालून रिंगणात गेल्या, स्टुलावर चढल्या आणि सोंड उंचावून सलाम केला. दुपारच्या खेळाच्या लोकांनी तंबू डोक्यावर घेतला.

मामा होते तिथंच उभे राहिले. कानावर काही अडकलं की काम सुरू, काढलं की काम बंद, एवढंच बाईसाहेबांना इतकी वर्षं ठाऊक होतं. अंकुश गेला तेव्हा त्या रुसल्या नव्हत्या; आपण निवृत्त झालो असं त्यांना वाटलं होतं. माया, डोळे, ओळख, कशाचाच त्यात संबंध नव्हता.

"चला," मामी म्हणाल्या, "पिशव्या काय, मी शिवून देईन."

शेठ तर निरीक्षकांना मिठी मारायच्या बेतात होते. पण निरीक्षक कर्तव्यदक्ष माणूस. त्यांनी विचारलं, "ही आता कशानं उठली?"

"मामांच्या मायेनं," शेठ तत्काळ म्हणाले. "डोळ्यांची जादू आहे साहेब. मामा, सांगा ना."

जे वाक्य मामांनी जन्मभर न विचारता सगळ्यांना ऐकवलं होतं, तेच आता त्यांना विचारून घेतलं जात होतं. मामींनी त्यांना कोपरानं ढोसलंसुद्धा.

"पिशवीनं," मामा म्हणाले. "माझं काही नाही त्यात."

निरीक्षकांनी खिशातून ठराव काढून वाचला. पिशवी हे तत्सम साधन होतं, यात त्यांना शंका राहिली नाही. त्यांनी स्वतःच्या पिशवीचा पंचनामा केला, तक्रारदार म्हणून सही केली, आरोपी म्हणूनही केली आणि मुद्देमाल जप्त केला. मुद्देमालात पिशवी होती आणि हत्तीण होती.

निरीक्षकांना ताकीद मिळाली आणि महिन्याभरानं पिशवी परत मिळाली. बाईसाहेब निवाऱ्यात आहेत, त्यांची तब्येत उत्तम आहे. मामा सर्कशीच्या फाटकावर तिकिटं फाडतात.