पुढची कातडी, मागचे किस्से

चारचौघांत सांगता येत नाहीत, नेमके तेच किस्से डॉक्टरकडे जास्त साठतात! बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला मी नगरमध्ये सर्जन म्हणून दवाखाना टाकला. वाटलं, हर्निया येतील, अपेंडिक्स येतील. आले ते दाराकडे बघत कुजबुजणारे पुरुष. "डॉक्टर, जरा खालचं..."

बऱ्याच जणांचं दुखणं एकच. इंद्रियाची पुढची कातडी घट्ट, मागे सरकायलाच तयार नाही. आम्ही त्याला फायमोसिस म्हणतो. नाव ऐकूनच निम्मे गार!

*

एक एस.टी. कंडक्टर आला. घट्टपणा थोडासाच होता. म्हटलं, "ऑपरेशन नको. अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात रोज हळूहळू मागे सरकवा. दुखलं की थांबा, आणि परत पुढे आणा. होईल सैल."

त्याचं तोंड पडलं. "ऑपरेशन न्हाई? मग टाकलेल्या रजेचं काय करू?"

*

हाच सल्ला श्रीगोंद्याकडच्या एका पैलवानाला दिला. काही दिवसांनी गडी पाय फाकवत दारात हजर! कातडी जोरात ओढलेली, ती मागेच अडकलेली, सूज आलेली. अशा वेळी उशीर करून चालत नाही. सूज हळूहळू दाबून उतरवली, कातडी जागेवर आणली, तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला.

मी चिडलो. "जोर लावू नका म्हटलं होतं ना!"

"डॉक्टर, पैलवानाला आसं सांगत्यात व्हय?"

*

साखर कारखान्यातले एक पन्नाशीचे गृहस्थ. जन्मभर त्रास नव्हता, आता कातडी आवळलेली, चिरा पडलेल्या. या वयात असं झालं की मी आधी लघवी तपासतो. नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून तापवलं, तर विटकरी लाल!

"तुमच्या लघवीत साखर आहे. डायबेटिस."

ते जराही दचकले नाहीत. "आसनारच की! सगळी नोकरी कारखान्यात झाली!"

*

एका शेतकऱ्याला ऑपरेशन लागणारच होतं. समजावलं, जागा बधिर करतो, कातडी काढतो, टाके घालतो, संध्याकाळी घरी. तरी त्याचा पाय टेबलाकडे वळेना. शेवटी हळूच म्हणाला, "डॉक्टर, ही तर सुंताच झाली की. नंतर देवळात जायला चालंल ना?"

म्हटलं, "देवळात चपला काढतात, धोतर नाही!"

हसत हसत टेबलावर चढला.

*

आणि ही सासू-सून. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. सासूनं सुनेला पुढे ढकललं. "हिला तपासा. न्हाईतर माहेरी धाडते." सून खाली मान घालून उभी.

मी म्हटलं, "आधी मुलाला आणा."

सासू भडकली, पण घेऊन आली. आत एकटा आल्यावर पोरगा रडायलाच लागला. कातडी इतकी घट्ट, की बायकोजवळ गेलं की कळ यायची. म्हणून तो दोन वर्षं मळ्यातच झोपत होता, आणि बोलणी सून खात होती. त्याचं ऑपरेशन केलं. बाहेर एवढंच सांगितलं, "किरकोळ होतं."

पुढच्या वर्षी तिघं पेढे घेऊन आली. सुनेच्या मांडीवर गुटगुटीत लेक. सासूनं हात जोडले. "नवस केल्ता डॉक्टर! देवी पावली बगा!"

सुनेनं पदर सावरला. "व्हय आत्या. टाकेबी देवीनंच घातले."