गुरुवारी नळाला पाणी आलं

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहितेय.

आज गुरुवार, म्हणजे आमच्या विश्रांतवाडीत पाणी बंद. आज घरूनच काम होतं. लॉगिनला अर्धा तास होता, म्हणून सोफ्यावर जरा आडवी झाले.

स्वप्नात स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहत होता. मी म्हटलं, गुरुवारी? आणि एवढं प्रेशर? शक्यच नाही. हे स्वप्न आहे!

झोपेतच लख्ख जाग आल्यासारखं झालं. ओट्याचा गारवासुद्धा हाताला लागत होता. आणि मला पक्कं कळलं होतं, की इथे मी म्हणेन ते होईल.

मनात आलं, आई हवी. मागे वळले, तर आई दारात उभी! तिला जाऊन चार वर्षं झाली. म्हणाली, "ये गं, बस जरा माझ्याजवळ."

आणि मी काय म्हणावं? "आलेच आई, एवढी बादली भरते."

बादली भरली. वळले, तर जाग आली.

ते पाणी खोटं आहे हे मला माहीत होतं हो! तरी भरत बसले.

खरं सांगा, तुम्ही तरी ती बादली अर्धी सोडून वळला असतात का?